गंगाबाईंचा सत्कार

आमच्या शाळेच्या कपाटात एक शाल पडून आहे. कोऱ्या घडीची, जांभळी, काठाला जर. खडूच्या खोक्याखाली असते. नवीन माणूस आला आणि त्यानं कपाट उघडलं, की हमखास विचारतो, "सर, ही कोणाची?" मग वानखडे मॅडम माझ्याकडं बघतात आणि मी खिडकीबाहेर बघतो.

तुम्हाला सांगतो. चहा घ्या, टेका जरा. पण एक अट आहे. मधे बोलायचं नाही. मधे बोलण्यापायीच तर हे सगळं झालं!

मी जिल्हा परिषद शाळेत मास्तर. राहतो जानेफळला, तिथून मोटरसायकलनं आत सात-आठ किलोमीटरवर शाळेचं गाव. शाळा चौथीपर्यंत, शिक्षक दोन. मी आणि मुख्याध्यापिका वानखडे मॅडम. सत्तावीस वर्षं झाली नोकरीला. वाचन सुधारण्याच्या किती पद्धती आल्या आणि गेल्या म्हणून सांगू? अक्षरकार्डं झाली, शब्दडोंगर झाला, जोडीवाचन झालं. दरेक प्रशिक्षणाहून मी एक पद्धत आणि एक पिशवी घेऊन आलो. पिशव्या अजून टिकून आहेत.

या सगळ्यांच्या मुळाशी माझी स्वतःची एक पद्धत होती, आणि तिचा मला कोण अभिमान! पोरगं अडखळलं की शब्द मी पुरवायचा. चुकलं की जागच्या जागी दुरुस्त करायचं. पोरानं 'क' म्हणावं, मी 'कमळ' म्हणून मोकळं व्हावं. वर्गातलं निम्मं वाचन माझंच व्हायचं. सत्तावीस वर्षांत माझं वाचन फार सुधारलं.

घरीही तीच खोड. बायकोनं "अहो, उद्या..." म्हटलं की मी "गॅस संपलाय, कळलं" म्हणणार. बहुतेक वेळा तिला भलतंच काही सांगायचं असायचं. मग ती हसून स्वयंपाकघरात जायची. ती गेली, त्याला आता दोन वर्षं होतील. घरात वाक्य सुरू करणारंच कोणी नाही, तर तोडणार कोणाचं? त्यामुळं असेल, शाळेत माझी खोड दुप्पट झाली.

तर गेल्या साली मी वाचनवही सुरू केली. साधी गोष्ट. पोरानं रोज संध्याकाळी घरातल्या कोणाला तरी दहा मिनिटं मोठ्यानं वाचून दाखवायचं. वहीत रकाने: तारीख, धडा, ऐकणाऱ्याचं नाव, सही किंवा अंगठा. शेवटचा रकाना 'शेरा'. तो माझा, लाल पेनाचा.

चौथीत दुर्गा नावाची पोरगी होती. कष्टकरी घरातली, शांत. वाचायला उभी केली की नुसती उभी. मी शब्द पुरवायचो, ती मान हलवायची, मी पुढचा पुरवायचो. बाकीचे रकाने न बघताच वहीत शेरा ठरलेला: 'सुधारणा आवश्यक'.

एक दिवस तिची माय शाळेत आली. विळा कमरेला, शेतातून थेट.

"सर, खरं सांगा. पोरीले वाचता येते का नाई?"

"येईल हो..."

"येईन नाई, येते का? चौथी झाली की जानेफळले पाठवा लागते पाचवीले. वाचता आलं तं पाठवतो. नाई तं तिच्या मामीले लेकरू झालं मेहकरले, थे सांभाळाले धाडतो. उगाच बसमंधी धक्के कायले खाऊ द्याचे?"

मी म्हटलं, परीक्षेपर्यंत थांबा. ती म्हणाली, थांबते. आणि गेली. त्या दिवसापासून दुर्गाची वही मी रोज पहिली तपासू लागलो.

काय बघतो! एक दिवसही खाडा नाही. ऐकणाऱ्याच्या रकान्यात रोज एकच नाव, 'गंगी'. आणि अंगठ्याच्या जागी एक ओलसर, हिरवट-पिवळा ठसा. वास घेतला. शेण!

"दुर्गे, ही गंगी कोण?"

"सर, थे आमची..."

"आजी. कळलं. वय बरंच असेल?"

"लय म्हतारी हाये, सर. एक डोया नाई तिले. पन..."

"पण ऐकू येतं. छान! रोज ऐकतात?"

"हाव. मी वाचतो तवा थे गप बसते. काहीच म्हनत नाई. सर, थे..."

"जा बाळ, जागेवर बस."

आठ दिवसांनी मधल्या सुट्टीत वर्गाच्या मागून जाताना आवाज आला. कोणीतरी धडा वाचत होतं. न थांबता, चढउतार घेऊन. डोकावलो तर दुर्गा! एकटीच, भिंतीकडं तोंड करून. माझी सावली पडली आणि आवाज बंद. "वाच की!" म्हटलं तर तोंडातून अक्षर नाही.

आता तुम्हीच सांगा, माणूस भारावेल की नाही? निरक्षर, एका डोळ्याची म्हातारी, रोज नातीचं वाचन ऐकते! महिन्याच्या शिक्षण परिषदेत केंद्रातल्या सगळ्या शाळांचे शिक्षक जमतात. तिथं मी उभा राहिलो आणि गंगाबाईंवर बोललो. वीस मिनिटं! 'बाई' मीच लावलं. "ज्या हातांनी जन्मभर शेण काढलं," मी म्हणालो, "त्या हाताचा ठसा या वहीवर आहे!" वही सगळ्यांत फिरवली. दोन शिक्षिकांनी पदर डोळ्यांना लावला. एका सरांनी ठशाला हात लावून नमस्कार केला.

आमचे केंद्रप्रमुख साहेब कमी बोलणारे. ते म्हणाले, "सर, या माउलीचा सत्कार करा. मी स्वतः येतो. पोरीचं वाचनही ऐकतो."

झालं! वानखडे मॅडमनी शाल आणली, हार आणला, नारळ आणला. दारातल्या फळ्यावर रंगीत खडूनं झोकदार अक्षरात 'श्रीमती गंगाबाई यांचे हार्दिक स्वागत'. आदल्या दिवशी दुर्गाला बोलावलं.

"उद्या गंगाबाईंना शाळेत घेऊन यायचं."

दुर्गाचे डोळे मोठे झाले. "शाळेत? सर, थे कशी..."

"का नाही? शाळा सगळ्यांची आहे."

"पन वर्गात तिले बसता..."

"गुडघे दुखतात? काही हरकत नाही, उभ्या राहतील."

"अन् सर, मधातच तिनं..."

"दुर्गे, म्हाताऱ्या जिवाचं सगळं चालवून घ्यावं माणसानं!"

ती गप्प झाली. मला वाटलं, पोरीला पटलं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. वानखडे मॅडम हळदीकुंकवाचं ताट घेऊन दारात. मी इस्त्रीचा शर्ट घातलेला. स्वतः केलेली इस्त्री, म्हणून एक बाही चुरगळलेली. पोरं दोन रांगांत टाळ्या वाजवायला सज्ज. आणि फाटकातून दुर्गा आली. हातात कासरा. कासऱ्याच्या दुसऱ्या टोकाला म्हैस.

पोरांना टाळ्या वाजवायला सांगितलेल्या होत्या. त्यांनी वाजवल्या.

मी म्हशीच्या मागं बघत होतो, आजी कुठं दिसते का म्हणून! मागं दुर्गाची माय होती. तिच्या मागं शेजारचे एक काका दोन शेळ्या घेऊन, आणि त्यांच्या मागं कोणाचा तरी गोऱ्हा.

"हे काय?" मी.

"तुमीच म्हनलं न, गंगीले घेऊन ये?" माय म्हणाली. "म्या म्हनलं शाळेत जनावरं टोचाले डॉक्टर आले असन."

"सर, माह्या बकऱ्याईचा नंबर पयले लावा," काका म्हणाले. "मले बजारात जा लागते."

मी दुर्गाकडं वळलो. "अगं, सांगितलं का नाहीस?"

"सांगून राह्यली होती न, सर. तुमी सांगूच नाई दिलं."

सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच मी अडखळलो, आणि शब्द पुरवायला कोणी नव्हतं.

साहेबांनी चष्मा पुसला. फळ्याकडं पाहिलं, मग म्हशीकडं. "सर, परिषदेत सांगितल्या त्या गंगाबाई याच?"

"हो, साहेब."

"जन्मभर शेण काढणारे हात..."

मी मान खाली घातली.

"शेण यांचं स्वतःचंच दिसतं," साहेब म्हणाले.

तेवढ्यात दुर्गाची माय मॅडमना म्हणाली, "मॅडम, आली हाये तं कुकू तरी लावा. लक्ष्मी हाये दारची." आणि वानखडे मॅडमनी, खोटं सांगत नाही, त्या म्हशीला हळदीकुंकू लावलं! हार गळ्यात घालायला गेल्या, तो गंगीनं गळ्यापर्यंत येऊच दिला नाही. मधेच खाल्ला. नंतर दुर्गाला आदल्या दिवशी 'मधातच' जे सांगायचं होतं, तेही गंगीनं पायरीसमोर करून टाकलं. शेण!

सगळ्यांचं हसून झाल्यावर साहेब म्हणाले, "बरं, पोरीचं वाचन?"

हशा थांबला. मायनं पदर कमरेला खोचला आणि पोरीकडं पाहिलं. त्या पाहण्यात जानेफळ होतं आणि मेहकरही होतं.

दुर्गा पुस्तक घेऊन उभी राहिली. साहेब समोर, मॅडम शेजारी, मी हाताच्या अंतरावर. तोंड उघडलं, मिटलं. मी लगेच पहिला शब्द पुरवला. ती आणखीच मिटली.

"वाच वं," माय म्हणाली.

दुर्गानं माझ्याकडं पाहिलं. "सर, गंगीले वाचून दाखवू का?"

मी नाही म्हणायच्या आत साहेब म्हणाले, "दाखव."

ती आमच्याकडं पाठ करून म्हशीसमोर बसली. आणि सुरू झाली. विहिरीला पाणी लागल्याची गोष्ट होती. पहिलं वाक्य हळू, दुसरं जरा बरं, तिसऱ्यापासून आवाज मोकळा. गंगी रवंथ करत एका डोळ्यानं तिच्याकडं बघत होती. काकांच्या शेळ्यासुद्धा गप्प. शेवटच्या ओळीत पोरगी अडली.

"सगळे गावकरी आ... आश्..."

'आश्चर्यचकित' माझ्या जिभेवर आला. 'आ' बाहेर पडणार, तोच वानखडे मॅडमनी माझ्या पायावर पाय दिला. चांगला दाबून! "सर, गप."

शेवटच्या महिन्यात बायकोला शब्द सापडायचे नाहीत. ती शोधायची, मी पुरवायचो. पाणी? औषध? उशी? एकदा तिनं हात वर करून मला थांबवलं. बराच वेळ घेतला आणि म्हणाली, "माझं मला म्हणू द्या." मग तिला जे म्हणायचं होतं, ते म्हणाली. तेवढं एकच वाक्य तिचं मी अखेरपर्यंत ऐकलं असेन.

मी तोंड मिटलं. गंगी चघळत होती, तिला काही घाई नव्हती.

"आश्... आश्चर्य... आश्चर्यचकित झाले!" दुर्गा म्हणाली. धडा संपला. तिनं पुस्तक मिटून वही म्हशीच्या नाकाला लावली. चाऱ्याचा तोच ओलसर, हिरवट-पिवळा ठसा, मी शेण समजलो तो. रोजची सही!

साहेब पुढं झाले. नारळ उचलून त्यांनी दुर्गाच्या हातात दिला. शाल कोणाला द्यायची, हे कोणालाच कळेना, म्हणून ती कपाटात गेली. माय डोळे पुसत माझ्यापाशी आली. मला वाटलं, आता आभार मानणार. मी "अहो, त्यात काय..." म्हणून सुरुवातही केली.

"बसचा पास कुठं भेटते, सर?" ती म्हणाली.

सोमवारी मी दुर्गाला म्हटलं, "आज मला वाचून दाखवशील?" तिनं जरा विचार केला. "तुमी गंगीसारखे बसान का?" म्हटलं, बसतो. बसलो. जिवावर येतं हो, नुसतं ऐकणं! तिनं धडा पुरा केला आणि वहीत माझं नाव लिहिलं. मी सही केली. मग पोरीनं माझ्याच खिशातलं लाल पेन काढून घेतलं आणि शेऱ्याच्या रकान्यात वाकून काहीतरी लिहिलं.

वाचलं. 'सर मधात दोनदा बोलले. सुधारणा आवश्यक.'

खोड जाते थोडीच? शुद्धलेखनाची चूक शोधायला लागलो. 'मधात' सोडून द्या, ते आमच्याकडचं आहे. शेवटच्या दोन शब्दांत मात्र एक काना चुकला नव्हता. चुकेल कसा? वर्षभर रोज तिच्या वहीत तेच तर गिरवून देत होतो.