आर-टी-एफ-एम नावाचा प्रोग्राम

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी आदिलाबादच्या एका कम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले. शिकवायला म्हणजे काय, आदल्या वर्षी मीच तिथं शिकले होते आणि मालकांना दुसरं कुणी मिळालं नव्हतं. मालकांना आम्ही सर म्हणायचो. सर तेलुगू, मी मराठी. आमचं सगळं बोलणं हिंदीत चालायचं. क्लास बस स्टँडच्या मागे होता. खाली खताचं दुकान आणि वर आम्ही. शेजारच्या मावला गावाहून सायकलनं यायचं, चपला जिन्यात काढायच्या आणि युरियाच्या वासात दिवसभर मुलांना कीबोर्ड दाखवायचा.

एकदा सरांनी हैदराबादहून कम्प्युटरचं एक मासिक आणलं. त्याच्यासोबत एक सीडी होती, तिच्यात लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी मशीन चालवणारी प्रणाली. पैसे पडत नाहीत, कुणालाही कॉपी करून द्या, आतलं काम उघडून बघा, पटलं नाही तर बदला, असं त्या मासिकात लिहिलेलं. माझा विश्वास बसेना. सर म्हणाले, "फुकट है बोले तो डाल के देखो मॅडम." सगळ्यात जुनी मशीन माझ्या हवाली झाली. ती बिघडली तरी कुणाला वाईट वाटणार नव्हतं.

बऱ्याच खटपटीनं लिनक्स चालू झालं. फक्त प्रिंटर ऐकेना. क्लासचं वेळापत्रक छापायला घेतलं, तर पहिली ओळ जिथं संपली तिथूनच, एक पायरी खाली, दुसरी सुरू झाली. तिसरी आणखी उजवीकडे. चार-पाच ओळींत वेळापत्रक कागदाबाहेर निघून गेलं. खिळ्यांचा तो प्रिंटर करकर आवाज करत कोऱ्या हवेत छापत राहिला आणि मुलं हसत राहिली.

मासिकात एका मेलिंग लिस्टचा पत्ता होता. देशभरातले लिनक्सवाले तिथं प्रश्न पाठवत. एकाचा प्रश्न सगळ्यांना जायचा आणि ज्याला येत असेल तो उत्तर द्यायचा. आमच्याकडे मेल होती, पण ती एसटीडी लावून जोडावी लागायची, म्हणून सर दिवसातून एकदाच, जेवणाच्या सुट्टीत जोडायचे. मी डिक्शनरी मांडीवर घेऊन इंग्रजीत प्रश्न लिहिला. वर 'आदरणीय महोदय', खाली 'आपली नम्र', मध्ये अडचण.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. चार अक्षरं फक्त. आर-टी-एफ-एम.

पाठवणारा हैदराबादचा एक इंजिनिअर होता. लिस्टवर त्याचा मोठा दबदबा. त्यानं लिहिलं की बाकीचे गप्प बसत. मला वाटलं, एवढ्या मोठ्या माणसानं प्रोग्रामचं नाव कळवलं, काय हा चांगुलपणा. मी ती चार अक्षरं टाइप केली. अशी कमांड नाही, मशीन म्हणालं. मोठ्या अक्षरांत केली, छोट्या अक्षरांत केली, सीडीवर शोधली. सरांना विचारलं तर तेही म्हणाले, नवीन काही तरी निघालं असेल. शेवटी मी पुन्हा लिहिलं. आपले फार आभार, पण आर-टी-एफ-एम हा प्रोग्राम माझ्या सीडीवर नाही, तो कुठे मिळेल ते कृपया कळवावं.

त्यानंतर लिस्टवर जे हसू उसळलं ते विचारू नका. काहींना वाटलं, या बाईनं इंजिनिअरची काय जिरवली. काहींना वाटलं, ही अगदीच ढ आहे. दोन्हीकडच्या मेल मी वाचल्या आणि मला एकही कळली नाही. एवढं मात्र कळलं की लोक माझ्यावरून हसत आहेत. कान गरम झाले. त्या दिवशी मुलांना फक्त टायपिंगचा सराव दिला आणि खिडकीशी बसून राहिले.

मग नागपूरहून एक मेल आली, फक्त माझ्या नावावर. लिहिणारे बँकेत नोकरीला होते आणि त्यांचं मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं होतं. त्यांनी सांगितलं की त्या चार अक्षरांचा अर्थ 'आधी पुस्तक वाच' असा होतो, मधल्या एका अक्षरात शिवी आहे, ती लोक सवयीनं घालतात, मनावर घेऊ नका. मलाही पहिल्यांदा हेच उत्तर मिळालं होतं, असंही लिहिलं होतं.

घरी बाबांना सगळं सांगितलं. बाबा जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत पहिलीला शिकवायचे आणि त्यांना पहिलीच आवडायची. हेडमास्तरांनी वरचा वर्ग देऊ केला तरी घेत नसत. कम्प्युटर त्यांनी लांबूनच पाहिला होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्यानं तुले पुस्तक वाच म्हटलं. पण पुस्तक तुयापाशी हाय का?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सकाळी जाऊन सीडी पाहिली. असं पुस्तक सीडीवरच असतं. त्याचा फोल्डर होता, पण रिकामा.

नागपूरच्या त्या बँकवाल्या काकांना तसं कळवलं. त्यांनी उलट विचारलं, कोणता प्रिंटर आहे, कागदावर नेमकं काय दिसतं, तुम्ही आतापर्यंत काय काय करून पाहिलं. माझ्या धडपडीविषयी कुणी विचारण्याची ती पहिलीच वेळ. मी सगळं लिहिलं. मग त्यांनी समजावलं की ओळ संपली की कागद वर सरकव, एवढंच लिनक्स प्रिंटरला सांगतं. छापणारं डोकं परत डाव्या कडेला ने, हे आपल्याला सांगावं लागतं. कुठं काय घालायचं ते दिलं, पण तयार कमांड दिली नाही. जुळवून बघा, चुकलं तर परत लिहा, म्हणाले. मी जुळवलं, चुकलं, परत लिहिलं. मग एका दुपारी वेळापत्रक सरळ, सोमवारखाली मंगळवार असं छापून आलं. सरांनी ते भिंतीला चिकटवलं.

काकांनी रिकाम्या फोल्डरची गोष्ट लिस्टवर सांगितली, कुणाला न टोचता. मग इंजिनिअरनं लिहिलं की मासिकाची ती सीडी त्यानं आणि त्याच्या मित्रांनीच भरली होती, जागा पुरेना म्हणून पुस्तक काढलं, आणि तेव्हापासून तो सगळ्यांना पुस्तक वाचा म्हणून सांगत होता. चूक आमची, असं सरळ लिहिलं होतं. मला ते आवडलं. रागावायला फारसं काही उरलं नाही.

पुढं मीही लिस्टवर उत्तरं द्यायला लागले, बहुतेक प्रिंटरचीच. कुणी विचारलं की आधी त्याच्याकडे काय काय आहे ते विचारायचं. एकच प्रश्न दहाव्यांदा आला की कंटाळा येतो, नाही कसा? पण विचारणाऱ्याची ती पहिलीच वेळ असते. बाबा दर जूनला नव्या पोरांना 'अ' शिकवायचे. गेल्या वर्षी शिकवला होता ना, असं त्यांनी कुणाला म्हटलेलं मला आठवत नाही.

उन्हाळ्यात इंजिनिअर स्वतःच आमच्या क्लासवर आला. मंचेरियलला नात्यातलं लग्न होतं, ते आटोपून बसनं. माझ्या डोळ्यांसमोर कुणी जाडजूड, चष्म्याचा माणूस होता. आला तो माझ्याच वयाचा, किडकिडीत, मानेला ओला रुमाल गुंडाळलेला. सरांनी सोडा मागवला. तो माझ्याशी हिंदीत अडखळत बोलला, मेलमध्ये इतका खणखणीत असूनही.

तेव्हा बाजारहत्नूरचे एक गुरुजी शिकायला यायचे, निवृत्तीला टेकलेले. माऊसचा बाण त्यांना हवा तिथं थांबायचा नाही. इंजिनिअर त्यांच्या शेजारी बसला आणि लगेच त्यांच्या हातातून माऊस घेऊन फाइल उघडून दिली. गुरुजी मागे सरकले.

मी म्हटलं, "उनको करने दो ना."

त्यानं हात काढला. थोड्या वेळानं हात परत माऊसकडे गेला, माझ्याकडे पाहून त्यानं तो मागे घेतला. शेवटी तो दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला. गुरुजींनी फाइल उघडली, ती बंद झाली, त्यांनी पुन्हा उघडली. एक बोट फिरवत फिरवत स्वतःचं नाव लिहिलं आणि ते साठवलं. मग मोकळा श्वास घेऊन शेजाऱ्याकडे वळले.

"तुमीबी नवीनच शिकून राह्यले का?"

इंजिनिअरनं मला विचारलं, काय म्हणतात? मी सांगितलं. तो गुरुजींकडे बघत म्हणाला, "हाँ बोलो उनको."