पार्वतीबाईंच्या मालकीची बाटली

चाकूरच्या बाजारगल्लीत पार्वतीबाई सोनकांबळ्यांची पिठाची गिरणी आहे. बत्तीस वर्षं पट्ट्याच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलायची सवय लागल्यामुळे बाई घरीसुद्धा ओरडूनच बोलतात, आणि सून रूपाली म्हणते की आमच्या घरातली गुपितं आधी शेजारी कळतात, मग आम्हाला. पण दुसऱ्यांची गुपितं बाईंना कळतात ती डब्यावरून. गव्हात सोयाबीन अन् मेथ्या आल्या की समजायचं, घरात कुणाला तरी साखर निघाली. दहा किलोच्या एका डब्याचे पाच-पाचचे दोन डबे झाले की थोरल्या-धाकट्यानं चुली वेगळ्या केल्या. कळलं तरी बाई तिथंच थांबतात असं मात्र नाही. समोरच्याला तोंडावर विचारतात. "इचारल्याबिगर कळंल कसं?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

एका घराचं कोडं मात्र बाईंना कधी सुटलं नव्हतं. डॉक्टर रूबेन किहीमकर, जनावरांचे डॉक्टर. मूळचे अलिबागकडचे, बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. नोकरीत चाकूरला बदली झाली, इथल्या म्हशींचा लळा लागला आणि निवृत्त होऊनही इथंच राहिले. बायको वारल्यावर एकटेच. हा माणूस दर उन्हाळ्याच्या तोंडाशी गहू दळायचा एकदम बंद करायचा. मग एके दिवशी भल्या सकाळी तांदूळ घेऊन यायचा आणि म्हणायचा, "पार्वतीबाई, आधी दगड पुसून घ्या हं, गव्हाचा कण राहायला नको." आणि घरातलं उरलेलं गव्हाचं पीठ त्यांच्या दवाखान्यातला जुना शिपाई ग्यानोबा डोक्यावर घेऊन जायचा. बाई विचारायच्या, तर डॉक्टर हसून "सण आहे आमचा" एवढंच म्हणायचे. ग्यानोबाला विचारावं तर तो गालातल्या गालात हसायचा. लई राग यायचा बाईंना.

यंदा ग्यानोबा नव्हता. गेल्या दिवाळीत वारला बिचारा. एप्रिल लागल्यावर डॉक्टर स्वतःच पिठाची पिशवी घेऊन गिरणीच्या दारात उभे राहिले, आणि चेहरा असा, की बाईंनी बटण दाबून गिरणीच बंद केली.

"हे पीठ तुम्ही घ्या," डॉक्टर म्हणाले, "आणि आणखी एक वस्तू आहे. ती विकत घ्या."

"कशाची वस्तू?"

डॉक्टरांनी इकडंतिकडं पाहिलं. "व्हिस्कीची बाटली."

चाकुरातल्या कुणाही माणसानं हे पार्वतीबाईंना म्हणायचं धाडस केलं नसतं. वीस वर्षांपूर्वी वस्तीतलं देशी दारूचं दुकान बंद करायला बायांचं मतदान झालं, तेव्हा बाटली आडवी करणारी ही बाई. घरोघर फिरली, दुकानदाराची बोलणी खाल्ली, गिरणीवर दगड पडले तरी हटली नाही. बौद्ध घरातली, दीक्षा घेतलेल्या बापाची लेक. अजूनही कुणाच्या वरातीत बाटली दिसली की पोरं आधी "पार्वतीबाई आली रे" म्हणून पळतात.

"डाक्टरसाहेब," बाई हळू आवाजात म्हणाल्या, आणि बाई हळू बोलतात तेव्हा समजावं की प्रकरण गंभीर आहे, "डोस्कं ठिकाणावर हाय ना?"

"आहे म्हणूनच आलो. बसू का?"

गव्हाच्या पोत्यावर बसून त्यांनी अखेर सगळं सांगितलं. त्यांचा पेसाखचा सण आठ दिवसांचा. त्यांची आजी त्याला 'आनशी ढाकायचा सण' म्हणायची, कारण जुन्या काळी आंबवलेल्या रसाचं मडकं त्या दिवसांत तोंड बांधून बाजूला ठेवायचे. पूर्वज गुलामीतून घाईघाईनं निघाले, पीठ फुगायला वेळ मिळाला नाही, त्याची आठवण. म्हणून आठ दिवस खमीर आलेलं धान्य खायचं नाही. आणि नुसतं खायचं नाही एवढंच नव्हे, मालकीचंही असता कामा नये.

"मंजे आमची ज्वारीची भाकर चालंल? तिला कुठं खमीर असतंय?"

"ज्वारी त्या धान्यांत नाहीच. गहू, सातू आणि त्यांची भावंडं, एवढीच."

"आन् दारू?"

"उसाच्या मळीची असेल तर आड येत नाही. सातूची असेल तर येते. माझी सातूची आहे."

बाईंचा राग कुठल्या कुठं गेला आणि चौकशी सुरू झाली. न इकता तशीच ठेवली तर? सणाच्या काळात ती ज्यूच्या मालकीची राहिली, तर पुढं कायमची बाद. प्यायची नाही, विकायची नाही, कुणाला द्यायची नाही. मग ओतून का देत न्हाई? मुलगा डॅनियल जन्मला त्या दिवशी त्यांच्या वडिलांनी ही बाटली आणली होती. नातवाच्या लग्नात उघडायची म्हणून. चौतीस वर्षं दर सणाला ती धर्माबाहेरच्या माणसाला खरोखर विकली, सण झाल्यावर परत विकत घेतली. चाकूरला आल्यापासून गिऱ्हाईक ग्यानोबाच. आणि आता, येत्या जूनमध्ये, ठाण्याला डॅनियलचं लग्न होतं.

"आमच्यात सणाआधी एक वाक्य म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "माझ्या घरात खमिराचं जे काही असेल, मी पाहिलेलं, न पाहिलेलं, ते आता माझं नाही. बेवारशी. मातीच्या धुळीसारखं."

"मग बाटलीला बी तसंच म्हणा की! इकायची भानगड कशाला?"

"जिच्यावर जीव आहे तिला तोंडदेखलं बेवारशी म्हणता येत नाही, पार्वतीबाई. ते मनातून सोडावं लागतं. माझ्यानं नाही होत."

खरं बोलणारा माणूस बाईंना आवडायचा. तरी त्यांनी शेवटचा खडा टाकून पाहिला. "मी घेतली तर माझी ना? खरोखरची? मग मी मोरीत ओतीन. चालंल?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला. "ओता," ते म्हणाले. "खरा सौदा म्हणजे खरा. तुम्हाला अडवणारा मी कोण? पण उभ्या गावात ती पिणार नाही असं माणूस एकच आहे, म्हणून आलो."

बाई बघतच राहिल्या. ओतीन म्हटल्यावरही हा माणूस पिशवी उचलून चालता झाला नाही, याचं त्यांना फार नवल वाटलं. हे शेवटाला जातंय कसं ते बघितल्याशिवाय आता त्यांना अन्न गोड लागणार नव्हतं.

सणाच्या आदल्या दिवशी डॉक्टरांच्या घरी सौदा झाला. कागद झाला, बाईंनी एकवीस रुपये मोजले, डॉक्टरांनी लोखंडी कपाटाची किल्ली त्यांच्या हातात दिली. कपाटाखालची जागासुद्धा आठ दिवस त्यांची. बाईंनी बाटलीला हात लावला नाही, नुसतं वाकून पाहिलं. पिवळ्या पडलेल्या कागदावर शाईनं मराठीत लिहिलेलं होतं: 'डॅनियलच्या लग्नात. आजोबा.' बाईंनी दार लावलं आणि किल्ली पदराच्या गाठीत बांधली. रूपालीनं घरी कपाळाला हात मारला. "आत्याबाई, चौदा तारीख तोंडावर आली! कळलं कुणाला तर?"

चौदा एप्रिल! बाईंच्या डोक्यातूनच गेलं होतं ते.

भीमजयंतीच्या सकाळी विहारात वंदना झाली की पार्वतीबाई शपथ देतात. शपथ त्यांनीच रचलेली. सारं विहार उभं राहून एकेक ओळ मागं म्हणतं. मी दारू पिणार नाही. मी दारू विकणार नाही. मी दारू विकू देणार नाही. चौथी ओळ, माझ्या मालकीची बाटली माझ्या छपराखाली असणार नाही.

तीन ओळी झाल्या. चौथी बाईंच्या तोंडून निघेना. छप्पर डॉक्टरांचं होतं, हे खरं. पण असल्या पळवाटा काढणाऱ्यांना बाईंनी स्वतःच आजवर कमी झापलं होतं का? पांढऱ्या साडीतल्या दोनशे बाया तोंडाकडं बघून राहिल्या. पदराची गाठ धोंड्यासारखी जड झाली.

"बायांनो," बाई ओरडल्या, "मला खोटं बोलता येईना. माझ्या मालकीची एक बाटली हाय!"

विहारात एकच गलका. बाईंनी हात वर करून सगळी हकीकत सांगितली, सातू, मळी, खमीर, काही सोडलं नाही. आधी लोक अवाक झाले, मग हसले, मग कुणीतरी "भले बाई!" म्हणालं. पण बचत गटाच्या अध्यक्ष महामायाबाई हसल्या नाहीत. दुकान बंद करताना पार्वतीबाईंच्या खांद्याला खांदा लावून लढलेली बाई ती, आणि तेव्हापासून बाईंची चूक शोधण्यात तिला विशेष गोडी.

"घेतली ते ठीक," महामायाबाई म्हणाल्या. "प्यायची न्हाई तर घेतल्यानं पाप न्हाई. पण सण झाल्यावर डाक्टरला परत कशी देणार? इकणारच ना? आताच दुसरी ओळ म्हणलात की, मी दारू विकणार नाही!"

हाय रे! हे ना बाईंना सुचलं होतं ना डॉक्टरांना. घेण्याचाच एवढा विचार केला, की परत देताना पार्वतीबाई दारूविक्या ठरतील हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. "मग फुकट द्या," मागून कुणी म्हणालं. बाईंनी मान हलवली. दारू वाटणाऱ्या पुढाऱ्यांनाच तर त्या शिव्या घालत आल्या होत्या.

पुढचे सहा दिवस गिरणीवर बाई गप्प. गहू ज्वारीत पडला, कुणाचं पीठ कुणाच्या डब्यात गेलं. विकली तर वीस वर्षांचा शब्द मातीत. ठेवून घेतली तर चौतीस वर्षं लग्नाची वाट बघणाऱ्या त्या आजोबांच्या अक्षराचं काय? एकदा तर त्या मोरीचा विचार करून डॉक्टरांच्या फाटकापर्यंत गेल्या आणि परत आल्या. फाटकातून दिसलं, डॉक्टर अंगणात तांदळाची भाकरी खात बसले होते. कपाटाच्या खोलीकडं पाठ करून.

एकवीस तारखेला सकाळी बाई किल्ली घेऊन गेल्या. डॉक्टरांनी चहा टाकला होता, एकवीस रुपये आणि कागद टेबलावर काढून ठेवले होते.

"मी इकत न्हाई," बाई दारातूनच म्हणाल्या.

डॉक्टर खुर्चीत बसले. मग म्हणाले, "तुमची आहे. तुमचा हक्क आहे." रागाचा लवलेश नव्हता आवाजात.

"देत बी न्हाई."

डॉक्टरांनी मान डोलावली. बाई सरळ कपाटाशी गेल्या, किल्ली फिरवली, दोन्ही दारं सताड उघडली, किल्ली तशीच कुलपात सोडली आणि बाटलीकडं पाठ करून उभ्या राहिल्या.

"या कपाटात माझं जे काय असंल," त्या गिरणीच्या आवाजात म्हणाल्या, "बघितलेलं, न बघितलेलं, ते आता माझं न्हाई. बेवारशी. मातीच्या धुळीवाणी!"

डॉक्टर ताडकन उठले. "मनातून म्हणताय?"

"डाक्टरसाहेब, हिला माझ्याइतकी मनातून सोडणारी बाई सबंध लातूर जिल्ह्यात सापडंल का तुम्हाला?"

डॉक्टर हसायला लागले आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बाईंनी त्यांच्याकडं पाहिलं नाही. बेवारशी वस्तू कोण उचलतं हे बघत उभं राहणं म्हणजे हातानं दिल्यासारखंच झालं असतं. त्या तडक पायऱ्या उतरल्या, फाटक ओलांडलं, गल्लीच्या वळणापर्यंत गेल्या.

तिथं पाय अडला. जन्माची खोड, जाते कुठं? बाई माघारी फिरल्या आणि फाटकातूनच ओरडल्या, "डाक्टरसाहेब, त्या बेवारशी मालाचं काय झालं वो?"

डॉक्टर ओसरीवर आले. बाटली दोन्ही हातांनी छातीशी धरलेली, अंगठा वडिलांच्या अक्षरांवर.

"सापडली," ते म्हणाले.