देवकाचा रकाना

जनार्दन आंबेरकर ओमानमधल्या सूरच्या बर्फाच्या कारखान्यात मेकॅनिक. सोळा वर्षं तिथंच, खोलीही कारखान्यामागेच. आईबाप लहानपणीच गेले, मामानं वाढवलं, आणि लग्न आज करू उद्या करू म्हणता म्हणता राहूनच गेलं. शुक्रवारची सुट्टी आली की या माणसाला दिवस खायला उठायचा. दुपारपर्यंत कपडे धुऊन व्हायचे, मग पुढं करायचं काय?

२०१४च्या गणपतीत मस्कतला त्याला राजीव आंबेरकर नावाचे गृहस्थ भेटले. म्हणाले, "मुंबईत आपलं कुलमंडळ आहे. कुलवृत्तांत छापायचाय. सभासद व्हा, तुमचंही नाव येईल." आपलं! जनार्दनला असं कुणी म्हटल्याला जमाना लोटला होता. फॉर्म घेऊन स्वारी सूरला परतली ती हवेतच.

जुन्या कागदांवरून त्यानं पणजोबांपर्यंतची नावं जुळवली. अडलं ते देवकाच्या रकान्यात. देवक म्हणजे लग्नात मांडवात बसवतात ते, ज्याच्या त्याच्या कुळाचं. हा कधी बोहल्यावर चढलाच नाही, मग याला सांगणार कोण? राजीवरावांना विचारलं तर ते हसले. "ते तुम्हीच सांगायचं हो. आंबेरकर पुष्कळ आहेत, त्यातले आपले कोण ते देवकावरूनच तर ठरतं."

उरली होती एकच आत्या, मीराबाई, चिपळूणजवळच्या गावात. ऐंशीची, विधवा, मूलबाळ नाही. बारा वर्षांत यानं तिला साधा फोन केला नव्हता. शेवटी लाज गुंडाळून ठेवून केला.

"देवक ना? सांगते की," आत्या म्हणाली. "पण आज डोकं ठणकतंय. पुढल्या शुक्रवारी कर."

पुढल्या शुक्रवारी तिनं त्याचा बाप कैऱ्या चोरताना कसा पडला ते सांगितलं. त्याच्या पुढच्या शुक्रवारी आजोबांचा तापटपणा. देवकाचं नाव काढलं की हिला खोकला तरी यायचा, नाहीतर दारात गाय तरी. जनार्दन वहीत सगळं उतरवून घ्यायचा. फोनवर कोण बघतंय, पण हा बाबा दाढी करून बसायला लागला!

असे सहा महिने गेले आणि शेवटची तारीख आली.

"आत्या, आज सांगच. उद्या फॉर्म घेणं बंद, खलास."

"मला ठाऊक नाही रे."

"म्हणजे?"

"तेराव्या वर्षी उजवली मला. मांडवात काय बसवलं ते बघायला मान वर कुठं करू दिली कुणी?"

जनार्दन भडकला. "सहा महिने झुलवलंस मला? पहिल्याच दिवशी सांगायचं होतंस!"

"सांगितलं असतं, तर दुसऱ्यांदा फोन केला असतास?"

खरं होतं. नसताच केला. बाप, आजा, पणजा, मेलेल्या सगळ्यांची विचारपूस झाली होती. ही जिवंत म्हातारी दिवस कसे काढते, हे मात्र त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"आत्या," तो चाचरत म्हणाला, "जेवलीस का गं?"

ती म्हणाली, "एकटीसाठी कोण चूल पेटवतंय रे."