पुरोहितसाहेब दुकानातच असतात

सांगायची लाज वाटते, पण चहा सांगून झालाय आणि तुम्ही काही मला सोडणार नाही. तेव्हा ऐकाच. माणूस परीक्षेत उत्तर चुकून नापास होतो. मी उत्तर बरोबर दिलं आणि तरीही स्वतःच्या पायावर असा धोंडा पाडून घेतला की विचारू नका!

नव्वदीतली गोष्ट. आम्ही मूळचे धुळ्याकडचे. आबा सुरतेत कापडाच्या लूमवर, खोली नवागामला. आमच्या गल्लीतली पोरं एक तर लूमवर जायची, नाहीतर हिरे घासायला. मीच पहिला, जो डी. फार्म.ला गेला. शेवटची तोंडी परीक्षा सुटली की ट्रेनिंग, मग नोंदणी, मग नावाखाली 'रजिस्टर्ड फार्मासिस्ट'! आबांनी लूमवर आधीच जाहीर करून टाकलं होतं, "मना पोऱ्या साहेब व्हई ग्या!" आता बोला. मी नापास झालो असतो तर पुन्हा बसलो असतो, पण आबांनी तोंड कुठे लपवायचं?

कॉलेज सुटलं की मी कांतिभाईंच्या मेडिकलवर काम करायचो. कांतिभाई म्हणजे देवमाणूस. फक्त औषधातलं त्यांना काही कळायचं नाही. आधी साड्यांचं दुकान होतं, ती सवय गेली नव्हती. गिऱ्हाईक गोळीकडे संशयाने बघायला लागलं की मला म्हणायचे, "अरे, दूसरा कलर दिखाव ना!"

कायदा असा, की दुकानात रजिस्टर्ड फार्मासिस्ट हजर पाहिजे. आमच्याकडे ते हजर होते. भिंतीवर. काचेच्या फ्रेममध्ये पुरोहितसाहेबांचं सर्टिफिकेट आणि कोपऱ्यात काळ्याभोर केसांचा फोटो. साहेब स्वतः कुठे राहतात, काय करतात, कुणालाच ठाऊक नाही. कांतिभाईंनी सर्टिफिकेट मधल्या माणसाकडून भाड्याने आणलेलं. नाक मुरडू नका, तेव्हा गल्लोगल्ली हेच चालायचं! सर्टिफिकेट एका गावात, साहेब दुसऱ्या गावात आणि औषधं द्यायला आमच्यासारखी पोरं.

कामाच्या पहिल्या दिवशी कांतिभाईंनी मला औषधांची नावं नाही शिकवली. एक वाक्य शिकवलं. पुरोहितसाहेबांना कोणीही विचारलं, की लगेच म्हणायचं, "साहेब चा पीवा गया छे, हमणां आवशे." साहेब चहा प्यायला गेलेत, आत्ता येतील. इन्स्पेक्टर असो, गिऱ्हाईक असो, पत्ता चुकलेला माणूस असो. पुढे पुढे 'पुरोहित' एवढं कानावर पडलं की वाक्य आपोआप बाहेर यायचं. बटण दाबलं की पंखा फिरतो ना, तसं.

तोंडी परीक्षेचा दिवस उजाडला. परीक्षक बाहेरगावचे, गुळगुळीत टक्कल, चष्मा, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. शेजारी आमचे शाहसर. सगळं गुजरातीत चाललेलं, तुम्हाला मराठीत सांगतो.

"फार्मासिस्ट हजर नसताना औषध देता येतं का?"

"मुळीच नाही साहेब! त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीशिवाय गोळी हलता कामा नये!"

"छान. काम करतोस कुठे?"

"नवागामला साहेब, मेडिकलवर."

"तिथे फार्मासिस्ट असतात?"

'असतात' म्हणून गप्प बसायचं की नाही? पण नाही! परीक्षक खूश दिसले, मला चेव चढला.

"असतात म्हणजे काय साहेब! शटर उघडायच्या आधी दारात उभे! आमचे पुरोहितसाहेब."

परीक्षकांचं पेन थांबलं. "कोण?"

"एन. बी. पुरोहित! मी जे काही शिकलो, ते त्यांच्या हाताखाली."

शाहसर खोकले. मला वाटलं, सरांना कोरडा खोकला झाला, संध्याकाळी एक बाटली आणून द्यावी.

"रोज येतात?" परीक्षक पुढे झुकले.

"दिवाळीलासुद्धा! जेवतात तेही काउंटरवर, उभ्याने. मागे ताप आला तर घोंगडी पांघरून आले."

"ताप आला होता?" त्यांनी मनापासून काळजीने विचारलं. "आता बरे आहेत ना?"

"ठणठणीत! स्वतःच्याच हातचं मिक्श्चर घेतलं."

शाहसर एवढे खोकले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आणि दिसायला कसे आहेत?"

मी भिंतीवरचा फोटो डोळ्यांसमोर आणला. "रुबाबदार! आणि केस काय साहेब, काळेभोर, भरगच्च!"

परीक्षकांचा हात सावकाश टकलावरून फिरला. "अजून आहेत म्हणतोस?"

"एकही गळला नाही!"

तेवढ्यात शिपाई दोघांसाठी चहा ठेवून गेला. परीक्षकांनी कपबशी उचलली, आणि तोच शिपाई दारातून पुन्हा डोकावला. "पुरोहितसाहेब माटे फोन छे."

झालं! मी खुर्चीतून उठलो आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "साहेब चा पीवा गया छे, हमणां आवशे!"

शिपाई परीक्षकांकडे बघतोय. शाहसरांनी कपाळाला हात लावलेला. परीक्षकांनी शांतपणे एक घोट घेतला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "चहाच पितोय." कप खाली ठेवून ते फोन घ्यायला निघून गेले.

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला! डोळ्यांसमोर आबा दिसायला लागले.

"गधेडा," शाहसर दात आवळून म्हणाले, "खोकून खोकून माझा घसा बसला!"

पुरोहितसाहेब परत आले. आता मला उभा चिरणार, म्हणून मी डोळे मिटले. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "नवागामला नेमकं कुठे आहे रे हे दुकान?"

बिचाऱ्यांनाही माहीत नव्हतं!

मी पास झालो. होणारच! नापास करायचं तर कारण काय लिहिणार? 'हा मुलगा म्हणतो मी दुकानात असतो'? नवागामला आबांनी पेढे वाटले, आई रडली, मीही रडलो. आमची कारणं तेवढी वेगळी होती.

पण त्याआधी, परीक्षेच्याच संध्याकाळी, पुरोहितसाहेब दुकानात आले. आयुष्यात पहिल्यांदा. कांतिभाईंनी गिऱ्हाईक समजून विचारलं, "बोलो साहेब, शुं आपुं?"

"माझं सर्टिफिकेट," साहेब म्हणाले. घाबरलेच होते ते. असली पोरं दुकानात असल्यावर उद्या आपली नोकरी जाईल, हे त्यांना कळून चुकलं होतं. फ्रेम काखोटीला मारली आणि जाता जाता कांतिभाईंना दम दिला, "हा म्हणतो, तुमचा फार्मासिस्ट दिवाळीलाही घरी जात नाही. चांगलं आहे. मी अधूनमधून येऊन बघत जाईन."

दुकानाचं शटर पडलं. मी सरकारी दवाखान्यात ट्रेनिंग पुरं करून नोंदणी मिळवेपर्यंत कांतिभाईंनी माझी वाट अशी पाहिली, जशी वरबापाने हुंड्याची. नोंदणी आली, शटर उघडलं, मला स्टुलावर बसवलं.

माझ्या वर्गातले सगळे हुशार निघाले. एकाचं सर्टिफिकेट बारडोलीला टांगलेलं, स्वतः विम्याची कामं करतोय. दुसऱ्याचं कतारगामला, आणि तो मजेत मामाच्या हॉटेलच्या गल्ल्यावर. मी मात्र सकाळपासून स्टुलावर! टक्कल असलेलं कोणीही दारात आलं की कांतिभाई ओरडायचे, "बैठ! बैठ! उठना मत!"

त्या दिवाळीला गल्ली रिकामी झाली, आबा-आई गावाला गेले. मी काउंटरवर उभ्याने चकली खाल्ली. अख्ख्या सुरतेत तेव्हा कायद्याने चालणारं आमचं एकच मेडिकल असावं, आणि तेही माझ्या थापेमुळे!