ह्यांच्या परीक्षा आणि माझा भात

आमच्या ह्यांना नोकरी लागेपर्यंत भात खाणार नाही, असं मी देवीपुढं बोलले, तेव्हा वाटलं होतं, आठवड्याचा प्रश्न आहे. तीस वर्षं वडगावात यंत्रमाग दुरुस्त केलेला माणूस. नुसत्या आवाजावरून मागाचं दुखणं सांगतात. जुन्या मालकानं माग विकले, तरी साडीच्या नव्या कारखान्यात त्यांना कोण नको म्हणेल? पण तिथं आधी बुद्धीची टेस्ट! तेव्हापासून माझी भाकरी चालू आहे, आणि किस्से इतके साठलेत की हळदीकुंकवाला बायका वाणाआधी तेच मागतात.

पहिल्या टेस्टमध्ये नक्षीची चार चित्रं होती. त्यातलं वेगळं ओळखायचं. ह्यांनी लिहिलं, 'चारीबी रद्द. काठ सरळ न्हाईत.'

मार्क शून्य.

*

दुसऱ्या खेपेला लेकीनं तयारी करून घेतली.

"आप्पा, दोन, चार, आठ, सोळा. पुढं काय?"

"पुढं माग बंद करायचा. एवढ्या झपाट्यानं वाढतंय म्हंजे कायतरी सटकलंय."

लेक माझ्याकडं वळून म्हणाली, "आई, ज्वारी जरा जास्तच दळून आण."

*

तिसरा पेपर बरा चालला होता. तेवढ्यात शेजारच्या शेडमधला खडखडाट ह्यांना वेगळा वाटला. उठून पळाले. आडवं सूत नेणारा धोटा मागात अडकला होता. सगळं सूत तुटायचं वाचवलं. मॅनेजरसाहेबांनी हात जोडून आभार मानले आणि पेपर अर्धवट सोडला म्हणून नापास केलं.

नणंद म्हणाली, "वैनी, देवी पडली कानडी मुलखातली. तिला तुमचं मराठी कळंना झालंय. एकदा कन्नडमधनं सांगून बघा."

*

नोकरी लागली ती टेस्टमध्ये पहिला आलेल्या एका तरण्या साहेबाला. मुलगा गुणाचा आहे. रोज माझ्या पूजेच्या वेळी त्याचा फोन येतो.

"अण्णा, ऐका हं," म्हणतो आणि फोन मागाजवळ धरतो. हे डोळे मिटून ऐकतात.

"डावीकडचा पट्टा सैल हाय रं. आवळ."

घंटी माझी, खडखडाट त्याचा. देवीला आता दोन्हींची सवय झाली आहे.

*

शेवटी त्यानंच मॅनेजरला खरं सांगितलं, की माग अण्णांच्या कानावर चालतात. आणखी एक जागा निघाली. टेस्ट काही सुटली नाही, पण या वेळी प्रश्न फक्त मागाचे, आणि पेपर काढायचा त्याच मुलानं. मी लगेच ओटी भरून आले.

परवा पूजेच्या वेळी त्याचा फोन आला. "अण्णा, मागावरचे वीस प्रश्न पाहिजे होते. सांगता काय?"

ह्यांनी सांगितले. उत्तरांसकट. मग फोन ठेवला आणि परीक्षेसाठी काढलेलं पेन परत कोनाड्यात टाकलं.

"काय झालं हो?"

"आता मला न्हाय बसता येणार परीक्षेला. पेपर फुटलाय."

परीक्षा सोमवारी आहे. तोपर्यंत तुम्हीही एक वेळचा भात सोडा. माझ्या एकटीचा पुरेना झालाय.