आर्णीकडे, एका सूतगिरणीच्या शेवटच्या सभेला

सुट्टी मिळाली की लोक ताडोबाला जातात. मी गेले आर्णीच्या अलीकडच्या एका गावात, बंद पडलेल्या सूतगिरणीच्या सभेला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मोठ्या मामांचा फोन होता. "गिरणी इकाचं चाललं हाये. म्या सभेत उभा राहून नाही म्हननार. तू ये, आपलं कोनी असलं का धीर येते."

नागपूरहून यवतमाळमार्गे जाणारी सकाळची एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट. रस्ता चौपदरी झाल्यापासून पाठ शाबूत राहते. यवतमाळच्या स्टँडबाहेर तर्री-पोहे खाऊन घ्या, पुढे धड काही मिळत नाही. दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली, मधे तुरीची तासं. खिडकीतून सगळं बरं दिसतं, त्यावर जाऊ नका.

गिरणी सहकारी. भांडवल सरकारचं, शेअर शेतकऱ्यांचे आणि जमिनीत मामांचं दोन एकर वावर. त्या बदल्यात त्यांना तिथेच नोकरी लागली. कापूसही तेव्हा सरकारच घ्यायचं. मग खुला बाजार आला, गिरणी बसली आणि यंत्रं जागच्या जागी गंजत राहिली. आता जमिनीसकट सगळं एका खासगी पार्टीला द्यायचा ठराव होता. मामांचा जीव त्या वावरात अडकलेला. गिरणी पुन्हा सुरू होईल, ही आशा त्यांनी सोडलीच नव्हती. सभेच्या आदल्या रात्री जेवताना ते भाषण म्हणून दाखवत होते.

"भाकर थंडी होऊन राह्यली," मामी म्हणाल्या. "तिथंच बोला आता."

सभा गिरणीच्या गोदामात भरली. मागे पंगतीसाठी बुंदी पाडणं चाललं होतं. इथली एक जुनी पद्धत आहे. सचिव ठराव वाचतो आणि त्याचं वाक्य संपायच्या आत सगळे सभासद एका सुरात "मंजूर" म्हणतात. निर्णय वरूनच ठरून यायचे, त्या दिवसांतली ही सवय. मागच्या सभेचं इतिवृत्त, मंजूर. हिशेब, मंजूर. तिसरा ठरावही सचिवाने त्याच चालीत धाडधाड वाचला. मंजूर! सगळ्यात मोठा आवाज माझ्या शेजारून आला, मामांचा.

टाळ्या पडल्या तेव्हा ते दचकले. उभे राहिले. "थांबा. हा इकाचा ठराव होता काय? मले बोलाचं हाये."

अध्यक्षांनी हात जोडले. "भाऊ, झालं आता. तुमीच त मंजूर म्हटलं."

कोणी हसलं नाही. तेच मला जास्त लागलं. लोक उठून हात धुवायला गेले. मामा न जेवता घरी आले आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले. मला संताप आला, पण कोणावर काढायचा? सरकार हटलं, बाजार आला, पण नाही म्हणायचं आहे का हे या माणसांना कोणी कधी विचारलंही नाही. आता विचारून काय उपयोग, हेही कळत होतं.

नागपूरला परतून आठवडा झाला. प्रवासातून काहीतरी मिळतं असं आपण लिहितो. मला यातून काही मिळालं नाही. काल मामांचा फोन आला. यंत्रं ट्रकमध्ये चढवताहेत म्हणाले.

"कागदावर सर्वानुमते लिवलं त्यायनं," ते म्हणाले. "तू लिहतं ना कुठंतरी? येक मानूस नाही म्हननार होता, येवढं लिहजो."

लिहिलं, मामा.