रंगाऱ्याची बापशाळा

बत्तीस वर्षं मी सरकारी दवाखान्यात लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होते. तेवढ्या वर्षांत आया हजारोंनी पाहिल्या. बाप मात्र दारापर्यंतच. दारात उभं राहायचं, "आता कसं आहे?" विचारायचं आणि चहा प्यायला खाली जायचं. त्यामुळे मी निवृत्त झाल्यावर बालकल्याण खात्याच्या साहेबांनी बोलावून सांगितलं, की हातावर पोट असलेल्या घरांतल्या बापांसाठी सरकार वर्ग काढतंय, तुम्ही शिकवाल का, तेव्हा मी त्यांच्या तोंडावर हसले. म्हटलं, "साहेब, बापपण काय शिकवून येतं?" ते म्हणाले, "आईपण तरी कुठं आपोआप येतं, सिस्टर? वॉर्डात तुम्हीच आयांना शिकवत होतात ना?" मी लगेच हो म्हटलं. ते सहसा होत नाही.

वर्ग भरायचा एका बालवाडीत, दुपारी पोरं घरी गेली की. आठवड्यातून एकदा, असे बारा आठवडे. अकरा बाप्ये यायचे. टॅक्सीवाला, गोदामातला हमाल, खानावळीतला आचारी, असे सगळे. खुर्च्या बालवाडीच्याच, त्यामुळे दांडगे दांडगे पुरुष अंग चोरून बसायचे. त्यांत एक रंगारी होता, ताडमाड उंच. तो बसला की त्याचे गुडघे कानाला लागायचे. इतर रंगारी छत रंगवायला शिडी शोधत फिरायचे आणि हा नुसता हात वर करायचा, म्हणून त्याचं नावच शिडी पडलेलं. पहिल्याच दिवशी त्याने मला सांगितलं, "सिस्टर, बाकीच्यांचं माहीत नाही, मी पास होणार."

"इथे पास-नापास नसतं," मी म्हटलं.

"तरीपण होणार," तो म्हणाला.

त्याची गोष्ट साधी होती आणि वाईट होती. त्याला आठ वर्षांची मुलगी. मुलीची आई एका मोठ्या लाँड्रीत कपडे इस्त्री करते. लग्नानंतर हा मोठमोठ्या इमारतींच्या कामांवर महिनोन्‌महिने बाहेर असायचा आणि घरी यायचा तो पाहुण्यासारखा. आला की खुशाल झोपायचा. मुलगी तीन वर्षांची असताना बायको एकदा म्हणाली, "तू इथे राहायला येतोस का उतरायला?" याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. गेला तो दोन वर्षं फिरकलाच नाही. दारू नाही, मारहाण नाही. ती बाई मला स्वतः म्हणाली, "त्याने वाईट असं काही केलं नाही, सिस्टर. त्याने काहीच केलं नाही."

मग याला अक्कल आली, जरा उशिरा. कोर्टाने दर रविवारी दोन तास भेट दिली, तीही खात्याच्या ऑफिसात, कारकुनाच्या देखत. हा बाराही वर्गांना हजर राहिला आणि त्याचं घर पाहणीत योग्य ठरलं, तर मुलगी आठवड्यातले दोन दिवस त्याच्याकडे राहायला येणार. नाही ठरलं, तर पुढचा अर्ज वर्षाने. आठ वर्षांच्या पोरीच्या आयुष्यात एक वर्ष म्हणजे किती, ते मी सांगायला नको.

पहिल्या वर्गात मी प्रश्नांचा एक कागद वाटते. तुमच्या मुलाच्या चपलेचं माप काय? जवळचा मित्र कोण? कशाला घाबरतं? औषध कुठलं चालू आहे? भलेभले इथे गारद होतात. टॅक्सीवाल्याला स्वतःच्या मुलाची इयत्ता सांगता येईना. शिडीने एवढंच लिहिलं, की मुलीचं दप्तर निळं आहे, आणि त्या निळ्याचा रंगाच्या कंपनीच्या तक्त्यातला नंबरसुद्धा लिहिला. बाकी कागद कोरा.

मी तो कागद त्याच्यापुढे आपटला. "दप्तराला जन्म दिलास का?"

सगळे हसले. तो हसला नाही. "कुणाला विचारू? तिच्या आईला?"

"ज्याचं दुखतं त्याला विचारावं. मुलीला विचार."

पुढच्या रविवारी त्याने खरंच विचारलं. आणि कळलं, की पोरीला दमा आहे. धूळ, धूर, उग्र वास, कशानेही छाती भरते. दप्तरात पंप असतो. चार वर्षं झाली दम्याला, आणि बापाला पत्ता नाही. त्या आठवड्यात तो वर्गात आला तेव्हा डोळे सुजलेले होते. माझ्या जिभेला हाड नाही असं लोक म्हणतात, पण कुठे गप्प बसायचं ते वॉर्डात शिकले होते.

त्यानंतर मात्र गडी हटून शिकला. दवाखान्यात जाऊन डॉक्टरांकडून सगळं समजून घेतलं. पंपाला लावायचं ते प्लास्टिकचं नळकांडं माझ्यासमोर शंभरदा लावून काढलं. पोरीला ताठ बसवायचं, आडवं करायचं नाही, एक फवारा, दहापर्यंत मोजायचं, असं सगळं पाठ. रविवारच्या भेटीला आंघोळ करून, कामाचे कपडे बदलून जायला लागला. बाहुलीवर वेणी घालायला शिकला, तेव्हा आचारी म्हणाला, "अरे, ही वेणी आहे का झाडू?" तर हा म्हणतो, "तू आचारी ना? आधी स्वतःच्या पोराचा डबा एकदा भरून दाखव, मग माझ्या वेणीला नावं ठेव." बाराव्या वर्गापर्यंत त्याची वेणी माझ्यापेक्षा सरस झाली. हे मी खोटं सांगत नाही, आणि खुशीनेही सांगत नाही.

आता उरली घराची पाहणी. शिडीचं घर म्हणजे वरच्या मजल्यावर एक खोली, एक खिडकी, मोरी, खाली फरसबंद अंगण. खात्याची तपासनीस बाई, मी, मुलगी आणि तिची आई असे आम्ही सकाळी दहाला पोचलो. दार उघडलं आणि मी दारातच थबकले. खोली आरशासारखी चमकत होती. भिंती फिक्या पिवळ्या, खिडकीची चौकट पांढरी, कोपऱ्यात मुलीची नवी खाट, आणि या सगळ्यावर ऑइलपेंटचा असा भपकारा, की माझे डोळे चुरचुरले.

रंगाऱ्यांची एक रीत असते. मालक काम बघायला यायचा, त्याच्या आदल्या दिवशी शेवटचा हात मारायचा. ताजं काम ताजंच दिसलं पाहिजे. शिडीने वीस वर्षं तेच केलं होतं. त्याच्या हिशेबी आम्ही काम बघायला येणार होतो.

"ऑइलपेंट कशाला मारलास?" मी दबक्या आवाजात विचारलं.

"भिंतीवर चित्रं काढायची सवय आहे तिला. पुसता येतील," तो म्हणाला. चेहरा नुसता फुललेला. "रात्रभर खिडकी उघडी ठेवली होती सिस्टर, वास गेलाय."

वास कुठला जातोय? वीस वर्षं थिनरमध्ये काढलेलं ते नाक. त्याला कळणार काय, कपाळ?

तोवर मुलगी खाटेकडे धावली होती. तिने उशीवर हात ठेवला, वळून बापाकडे बघून हसली, आणि खोकली. दुसऱ्यांदा खोकली. तिसऱ्या खोकल्यानंतर छातीतून शिट्टी ऐकू आली. आईने हातातली पिशवी उघडली, पण शिडी तिच्याआधी हलला होता. दोन ढांगांत त्याने पोरीला उचललं आणि जिना उतरून अंगणात नेलं. आम्ही खाली पोचेपर्यंत तिला पायरीवर ताठ बसवलेलं, नळकांडं तोंडाला, पंप त्याच्या स्वतःच्या खिशातला. "एक, दोन, तीन," तो मोजत होता, आणि आवाज जराही कापत नव्हता. मी नाडी धरून बसले. मला काही करावं लागलं नाही. पंधरा मिनिटांत पोरीच्या ओठांवर रंग आला आणि ती पाणी मागू लागली.

मग तो उठला आणि पाण्याचा तांब्या घेऊन आला.

तपासनीस बाई बिचारी नवखी. तिच्या फॉर्मवर शेवटी छापलेलं असतं: घर मुलाला राहण्यास योग्य आहे का? होय, नाही. ती पेन धरून माझ्याकडे बघायला लागली. मी मनात म्हटलं, आता हा सुरू होईल. मला माहीत नव्हतं, मी तर तिच्यासाठीच केलं, एवढ्या मेहनतीने केलं. बाप लोकांची ही पोथी मला तोंडपाठ आहे.

"नाही लिहा," शिडी म्हणाला.

तपासनीस म्हणाली, "तुम्हाला कळतंय ना? मग पुढचा अर्ज वर्षाने."

"कळतंय. पण आज ती खोली तिच्यासाठी नाही. तिला दमा आहे हे मला माहीत होतं, तरी मी रंग मारला. चूक माझी आहे. वास कधी जाईल तेही मला सांगता येणार नाही, माझं नाक कामातून गेलंय. नाही लिहा."

मुलगी त्याचा शर्ट धरून बसली होती. आईने पिशवीची चेन लावली आणि तपासनीस बाईला विचारलं, "पुन्हा पाहणी करता येते का?"

"आईने लेखी मागितली तर येते. महिन्याच्या आत."

"कागद द्या," ती म्हणाली. मग त्याच्याकडे वळली. "वास मी येऊन बघेन. माझं नाक अजून शाबूत आहे."

परत जाताना मी तिला विचारल्याशिवाय राहिले नाही, की पुन्हा पाहणी का मागितलीस. ती म्हणाली, "सिस्टर, आजवर तो चुकला की मी दहा कारणं ऐकायचे. आज एकही ऐकलं नाही." आणि रस्त्यात डोळे पुसायला लागली. माझेही भरले, उगाच कशाला लपवू.

त्यानंतर ती दर दोन-तीन दिवसांनी लाँड्रीतून सुटली की तिकडे जायची. दारात उभी राहायची, श्वास घ्यायची, "आहे अजून" म्हणायची आणि निघायची. तो खिडकीशी पंखा लावून बसलेला. एकोणिसाव्या दिवशी ती आत गेली, खाटेवर अर्धा तास बसली आणि म्हणाली, "आता नाही." पुढच्या पाहणीत फॉर्मवर होयपुढे खूण झाली.

मुलगी पहिल्यांदा राहायला गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी फोन केला. पहिल्या मुक्कामानंतर बापाचं म्हणणं नोंदवावं लागतं, तसा रकाना आहे. फोन मुलीने उचलला.

"बाबांना दे," मी म्हटलं.

"हळू बोला ना," ती कुजबुजली. "बाबा आत्ताच झोपलेत. मला काही झालं नव्हतं, तरी माझ्याजवळ जागे होते. आता मी बसलेय त्यांच्याजवळ."

मी हळूच फोन ठेवला आणि रकान्यात तिचंच म्हणणं लिहून टाकलं.